मांडीवर मावेल असं कॅबिनेट

सांगली
२४ एप्रिल १९९७

भार्गवी,

नावाआधी काहीच लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. तुला पत्र लिहिताना 'चि. सौ.' लिहायची हाताला सवय. 'चि.' लिहिलं आणि पेन थांबलं, पुढचं काही सुचेना. ते आंतरदेशीय फुकट गेलं. हे दुसरं आहे.

पत्र कामाचं आहे, रडगाण्याचं नाही. तुमच्या दोघांचा कॉम्प्युटर. घरी बसून लग्नपत्रिका, हँडबिलं करायची म्हणून तू आणि शौनक एकेक भाग आणून माझ्या गव्हाच्या रिकाम्या डब्यात ठेवत होता, तो डबा तसाच आहे. परवा उघडला. मदरबोर्ड आहे, हार्ड डिस्क आहे, मेमरीच्या त्या दोन पट्ट्या आहेत, फ्लॉपीचं ते तोंड आहे. नावं बरोबर लिहिली की नाही बघ. इतकी वर्षं तुमची जेवताना चालणारी बडबड ऐकली ती काही वाया गेलेली नाही. नाही ते फक्त कॅबिनेट. हे सगळं ज्याच्यात बसवायचं तो पत्र्याचा डबा. तो आणायलाच शौनक दिवाळीच्या तोंडावर मोटारसायकलवरून पुण्याला निघाला आणि उंब्रजच्या पुढे गेला नाही. हे एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही.

तर ते कॅबिनेट मी घ्यायचं ठरवलं आहे. कसलं घ्यायचं ते तू कळव. मला त्यातलं काय कळतंय?

आणखी एक. तेरावा झाल्यावर तुझे बाबा साताऱ्याहून गाडी घेऊन आले आणि तू पिशवी मांडीवर घेऊन बसलीस. मी दारात होते. 'थांब' म्हणाले नाही, कारण आता तसं म्हणणारी मी कोण असं वाटलं. तू वळून पाहिलं नाहीस. 'मोठं उभं कॅबिनेट इथं मिळत नाही, पुण्याहूनच आण' असं तू शौनकला म्हणाली होतीस आणि ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, म्हणून मी तुला दोष देते असं तुला वाटतं. मी दोष देत नाही. एका दुपारी दिला होता, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी भाकरी थापताना परत घेतला.

कॅबिनेटचं तेवढं लगेच कळव.

अनसूया
(म्हणजे तुझी सासू. कागदावर काय म्हणतात ते तू बघ.)


सांगली
१३ मे १९९७

भार्गवी,

तुझं पत्र नाही. तुझ्या बाबांचं कार्ड मात्र आलं. 'तिला विसरू द्यावे, आपण पत्रे पाठवू नयेत ही विनंती.' व्याह्यांचं अक्षर छान आहे. पण असलं काही लिहायचं तर पाकिटात घालावं. कार्ड असल्यानं पोस्टमनपासून शेजारच्या रंगुबाईपर्यंत सगळ्यांनी वाचलं. रंगुबाई दोन दिवस माझ्याशी फार गोड बोलत होती, त्यावरून मला कळलं.

म्हणून आता हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही ठाऊक नाही. तरी लिहिते. घरात दुसरं कुणी ऐकायला नाही. सकाळी चहा अजून तीन कप टाकला जातो. एक मी पिते, एक रंगुबाईला देते, तिसऱ्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या खोलीतला पंखा अधूनमधून लावून येते, बंद राहून गंजू नये म्हणून.

तुमच्या सामानाची काळजी करू नकोस. यंदा वाळवणं केली. खाणारं कुणी नाही, पण उन्हाळा आला की हात स्वस्थ बसत नाहीत. रंगुबाईनं कुरडया घालायला मदत केली. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं होतं, अर्ध्यावर कुरडया, अर्धं मोकळं. तेव्हा डोक्यात आलं, की तुमचे ते भाग बंद डब्यात किती दिवस पडलेत, आता पावसाळा येईल, दमट हवेनं गेले म्हणजे? डबा वर नेला आणि सगळे भाग ओळीनं लुगड्यावर मांडले. मदरबोर्ड आधी पालथा, मग दुपारी उताणा केला. कावळा बसू नये म्हणून मी छत्री घेऊन शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत चांगला कडकडीत तापला. मग डब्यात खाली कडुलिंबाचा पाला, वर फडकं, वर सामान, परत पाला, असं सगळं नीट लावून ठेवलं.

आता वर्षभर बघायला नको.

अनसूया


सांगली
२ जून १९९७

भार्गवी,

तुझं पत्र आलं. इतके महिने नाही आलं ते आलं, आणि पहिली ओळ काय, तर 'आई, मदरबोर्ड उन्हात घातलात?' एवढ्या मोठ्या अक्षरात. वाचून मी हसले. मग पदर तोंडाला लावला, तो हसू येत होतं म्हणून नाही. एवढं तरी कळलं, की बाबा पत्रं तुला देतात. मला आधी ठाऊक असतं तर दिवाळीतच घातला असता उन्हात.

तू लिहिलंस तसा डबा घेऊन गणपती पेठेत गेले. तिथं नानासोंचं दुकान आहे, कॉम्प्युटर जोडून देतात, शौनकला ओळखत होते. डबा उघडून त्यांनी चिमटीत पाला उचलला.

"काकू, ह्ये काय आनलंय?"

"कडुलिंबाचा पाला आहे."

"ह्याला किडं लागत्यात व्हय?"

"लागलेत का बघा."

त्यांनी मदरबोर्ड उजेडात धरून फिरवून पाहिला. "न्हाई," म्हणाले.

"मग पाल्यानंच."

नानासो ब्रशनं एकेक खाच साफ करत बसले. जोडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. जोडायचं म्हणजे कॅबिनेट लागणार. मग त्यांनी कॅबिनेटं दाखवली. तू विचारशील म्हणून सगळं लक्षात ठेवून आले.

"ह्ये मोठं उभं. ह्या वर्षापास्नं हितं मिळाय लागलंय. आत जागा लय. फुडं काय बी वाढवा. पन जड हाय, एकदा ठेवलं की जागचं हलत न्हाई. ह्ये आडवं. ह्याच्या डोक्यावर मॉनिटर ठेवायचा. आनि ह्ये बारकं आडवं. सगळं दाटीवाटीनं बसतंय, जास्तीची कार्डं घालायला जागा न्हाई, उन्हाळ्यात जरा तापतंय. पन काखंत मारून चालाय लागा."

मी घरून सुतळी नेली होती. शिलाई मशीनच्या शेजारी भिंतीवर शौनकनं पेन्सिलीनं दोन रेघा मारून ठेवल्यात ना, टेबल इथून इथपर्यंत म्हणून? दिवाळीत रंग द्यायचा राहिला, म्हणून त्या राहिल्या. त्या दोन रेघांमधलं अंतर सुतळीवर गाठ मारून घेतलं होतं. दुकानात सगळ्या कॅबिनेटांना सुतळी लावून बघितली. मधल्या आडव्याचं जमतं. बारकं तर आरामात बसतं, बाजूला कागदांची चवड ठेवायला जागा उरते. मोठं उभं बसत नाही, ते मशीनला टेकतं.

तू मधलं घ्या म्हणून लिहिलं आहेस. बघते.

पत्राच्या शेवटी लोणंदच्या स्थळाबद्दल लिहिलं आहेस. ते वाचलं. कागदावरची जागा संपली.

आई


सांगली
११ जून १९९७

भार्गवी,

मोठं उभं घेतलं.

दुकानातल्या माणसानं आणि हमालानं मिळून आणलं, जिन्यात दोनदा टेकवलं. माझ्या कमरेपर्यंत येतं. नानासो म्हणत होते, "काकू, तुमच्या सुतळीत बसत न्हाई ह्ये." मी म्हटलं, सुतळी माझी आहे, मी बघून घेईन. शिलाई मशीन रंगुबाईकडे ठेवलं, तिच्या सुनेला शिकायचंच होतं. तुमचं सगळं सामान आत बसवून झालं आहे. आता ते तिथून हलणार नाही. मागून झाडू मारायलासुद्धा हात जात नाही.

मी असा विचार केला. तुझी खोली आहे. तुझ्या साड्या कपाटात आहेत, त्यात डांबराच्या गोळ्या घातल्यात. कॉम्प्युटर इथं आहे. सांगलीत लग्नपत्रिकांना तोटा नाही, माधवनगरचे दोन कापडवाले विचारून गेले. तू इथं राहून काम करायचं, मी दोन वेळचं करून घालायचं. लोक काय म्हणतील ते मी बघेन. सासूसून राहतात, त्यात कुणाचं काय गेलं?

लोणंदला आहे काय? कांद्याचा बाजार आणि रेल्वेचं फाटक. गाडी येईपर्यंत उभं राहायचं. तिथं कोण छापून घेतंय पत्रिका?

त्या माणसाचं नाव अवधूत आहे एवढं तू लिहिलंस. बाकी मी विचारलेलं नाही.

कधी येतेस ते कळव. रिकामी आलीस तरी चालेल, इथं सगळं आहे.

आई


सांगली
२९ जून १९९७

भार्गवी,

हे पाकिटात घालते आहे. आंतरदेशीयात मावणार नाही, आणि जागा संपली असं म्हणून सुटायचं नाही असं ठरवलं आहे.

तू लिहिलंस, 'आई, मला उचलता येऊ नये म्हणूनच एवढं मोठं घेतलंत ना?' होय, म्हणूनच. तुला साताऱ्यात बसून दिसलं, मला इथं समोर असून दिसलं नव्हतं. मला वाटत होतं मी चांगलं भक्कम कॅबिनेट घेतलं.

आणि तू लिहिलंस, 'मी आले, तर त्या कोपऱ्यात बसून रोज कुणाची वाट बघू?' या वाक्याशी मी तीन-चार दिवस भांडले. वाट कशाला बघायची, काम करायचं, असं मनातल्या मनात तुला सुनावलं. मग एका दुपारी तुझ्या जागी मीच जाऊन बसले. स्टूल घेतलं, त्या उभ्या कॅबिनेटसमोर. मशीन नाही, रेघांपैकी एक रेघ त्याच्या मागे गेलेली. बसल्या बसल्या माझे कान जिन्याकडे लागले. मोटारसायकल खाली लावून तो वर येतानाची चप्पल कशी वाजायची ते ऐकायला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, मला एक दुपार सोसवेना आणि तुला मी जन्मभर बसायला बोलावत होते. मला एकटं राहायची भीती वाटते, भार्गवी. तुझ्या भल्याचं म्हणून जे जे लिहिलं ते सगळं त्या भीतीनं लिहिलं. तू आली असतीस तर मला बरं वाटलं असतं, तुला नाही.

आता तू विचारलंस ते. 'स्वतःच्या मुलीला सांगाल तसं सांगा.' तर हो म्हण.

मी उगाच म्हणत नाही. तू लिहिलंस, की तो माणूस बाजार समितीत आहे, त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, फार बोलत नाही, आणि भेटायला आला तेव्हा शौनकचं नाव त्यानंच आधी काढलं. कसे होते, म्हणून विचारलं. ती ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. त्यानं विचारलं नसतं, तर मी आज कांदे आणि फाटक यावरच अडून राहिले असते. जो माणूस हे विचारू शकतो त्याच्या घरात तुला नाव गिळून राहावं लागणार नाही.

त्याच्या आईची अट मात्र वाचून माझा चहा निवला. 'आधीच्या घरचं काही आणू नये.' आधी चिडले. तुझ्या बाबांवरसुद्धा चिडले, त्यांचा काही संबंध नसताना. मग वाटलं, मी तरी काय वेगळं करत होते? ती म्हणते काही आणू नको, मी म्हणत होते इथून काही नेऊ नको. दोघी म्हाताऱ्या तुझ्याच पिशवीला धरून ओढत होतो.

तेव्हा उठले आणि रिक्षा बोलावली. नानासोंनी मला बघितलं, रिक्षातलं ते धूड बघितलं.

"काकू, म्या सांगितलं व्हतं."

"सांगितलं होतंत. आता ते बारकं काढा."

"सुतळी आनलीया?"

"नाही. स्टूल द्या."

स्टुलावर बसले आणि म्हटलं, ते बारकं माझ्या मांडीवर ठेवा. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बघतच राहिली. नानासोंनी ठेवलं. दोन्ही हातांनी कवळ घातली, पुढं हात जुळले. गुडघ्यांच्या बाहेर गेलं नाही. एसटीच्या बाकावर शेजारच्याला लागणार नाही.

"ह्ये माप म्या पयल्यांदाच बघितलं," नानासो म्हणाले. "पन आतलं सगळं भरलं की जड हुईल."

"होऊ दे. मला सवय आहे जड मांडीवर घ्यायची."

त्यांनी माझ्यासमोरच त्या मोठ्यातलं सगळं सोडवून यात बसवलं. खरंच दाटीवाटी आहे. हार्ड डिस्क वायरींना चिकटून, पंखा एकच. पण बसलं सगळं. त्यांनी दुकानातला मॉनिटर जोडला, बटण दाबलं, आणि ते चालू झालं. ऊन, पाला, डबा, सगळं सोसून चालू झालं. माझ्या वाळवणाला तू नावं ठेवलीस, आता चालू झालं हे बाबांनाही सांग.

एकच झालं. पडद्यावर तारीख आली ती १ जानेवारी १९८०. "बॅटरी उतरलीया, काकू," नानासो म्हणाले, "उन्हानं. नवी घालतो, आनि तारीख आजची करतो." मी म्हटलं, जरा थांबा, तुमचा चहा होऊ द्या. १९८० साली शौनक तिसरीत होता. त्या जानेवारीत त्याला कांजिण्या आल्या होत्या आणि खाजवू नये म्हणून मी त्याचे हात धरून बसायची. नानासोंचा चहा होईपर्यंत मी ती तारीख बघत बसले. मग म्हटलं, करा आजची. त्यांनी केली.

आता तुझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या अटीचं. कॅबिनेट कोरं आहे, अजून वरचं प्लास्टिक काढलेलं नाही. ते मी घेतलं आहे आणि तुला देते आहे. ते कुठल्या घरचं हे विचारलं, तर मावशीनं दिलं म्हण, मला चालेल. आतलं काही बाहेरून दिसत नाही. अवधूतला मात्र आत काय आहे आणि ते कुणी आणलं होतं, सगळं सांग. संसार सुरू करताना त्याच्यापासून लपवू नकोस. त्यानं चालेल म्हटलं की मग बाकी कुणाला स्क्रू काढून दाखवायची गरज नाही. मॉनिटर तुझ्या बाबांना घ्यायला लाव. त्यांनी मला कार्ड पाठवलं होतं, तेवढी शिक्षा त्यांना पुरे.

जास्तीची कार्डं यात बसणार नाहीत, तेव्हा फार वाढवायच्या फंदात पडू नकोस. उन्हाळ्यात तापतं म्हणतात, खिडकीजवळ ठेव. पहिली पत्रिका तुझी तूच कर. माझं नाव त्यात कुठंच बसत नाही हे मला ठाऊक आहे. एक प्रत मात्र पाठव. पाकिटावर मी सासू की मावशी, की नुसती अनसूया, ते तुझं तू ठरव. मला तू मुलगी म्हणून विचारलंस, माझं ठरून गेलं.

लग्नानंतर पहिलं पत्र मी लोणंदला लिहीन, तेव्हा नावाआधी काय लिहायचं म्हणून पेन थांबणार नाही. 'चि. सौ. भार्गवी'. हात आपोआप लिहील बघ.

शिलाई मशीन रंगुबाईकडून परत आणलं. दोन्ही रेघा परत दिसतात. या दिवाळीत भिंतीला रंग देणार आहे.

बुधवारी सकाळच्या साताऱ्याच्या गाडीनं येते आहे. स्टँडवर ये, बाबांना आण किंवा नको आणू. उतरताना एका बाजूनं तू धर, माझे पाय आखडलेले असतील. नानासो म्हणत होते, पार्सलनं पाठवा, कशाला त्रास. मी नाही म्हटलं.

त्या रस्त्यानं मी तेव्हापासून गेलेले नाही. कऱ्हाडच्या पुढे कुणी जायचं म्हटलं तरी मला नको व्हायचं. पण शौनक ज्यासाठी निघाला होता ते कॅबिनेट अजून उंब्रजच्या पलीकडे गेलेलं नाही. बुधवारी मी ते मांडीवर घेऊन बसेन, खिडकीजवळ. उंब्रज आलं की डोळे उघडे ठेवीन, आणि गाडी पुढे जाईल.

तुझी
आई